वारीचे फोटो काढायला निघालात, तर कॅमेऱ्यात रॉ लावायचं की जेपेग?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यंदा पहिल्यांदाच आळंदी ते पंढरपूर चालत जाणार आहात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ६४ जीबीची दोन कार्डं आणि घरी एक जुना लॅपटॉप आहे. रोज संध्याकाळी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला एक-दोन फोटो पाठवायचे आहेत आणि परत आल्यावर गावातल्या वाचनालयात १६ × २४ इंचांच्या वीस फोटोंचं प्रदर्शन लावायचं आहे. एका मित्राने सांगितलं की रॉशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नको. दुसरा म्हणाला, रॉ म्हणजे कार्डाची नासाडी. ओळखीच्या स्टुडिओत कुणी सांगितलं की प्रिंटसाठी टिफ किंवा पीएनजीच लागतं. तर यातला सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता?

मी २००३ पासून फोटो काढते. आधी वर्तमानपत्रासाठी, नंतर स्वतःच्या स्टुडिओतून लग्नं, आणि जमेल त्या वर्षी वारी. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांचाही पहिला प्रश्न हाच असतो. माझ्या मते तो जरा फिरवून विचारायला हवा. फोटो टिपायचा, त्याच्यावर काम करायचं, तो दुसऱ्याला द्यायचा आणि वर्षानुवर्षं जपून ठेवायचा, ही चार वेगळी कामं आहेत. या चौघांना एकच फॉरमॅट बसवायला गेलं की गोंधळ होतो. तुमच्या तीनही सल्लागारांचं थोडं थोडं बरोबर आहे, फक्त प्रत्येक जण वेगळ्या कामाबद्दल बोलतोय.

आधी टिपण्याचं बघू, कारण तिथे चुकलं तर पुढे काही हातात राहत नाही.

शटर दाबल्यावर सेन्सर फक्त मोजणी करतो, कोणत्या बिंदूवर किती प्रकाश पडला याची. प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी एकच काच असते, त्यामुळे तिथे एकाच रंगाचा आकडा मिळतो. चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, १९७६ सालच्या पेटंटची, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. हे कच्चे आकडे जसेच्या तसे कार्डावर उतरवले की ती रॉ फाइल. कॅननची सीआर २ किंवा सीआर ३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ, ही सगळी तीच जात.

जेपेगमध्ये कॅमेरा पुढचं सगळं काम तिथल्या तिथे उरकतो. उरलेले रंग शेजारच्या बिंदूंवरून काढतो, व्हाइट बॅलन्स लावतो, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरा पांढराच दिसेल असं बघतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, धार देतो, अंधाऱ्या भागात उमटणारे दाणे पुसतो आणि मग फाइल दाबून लहान करतो. राहिलेले कच्चे आकडे टाकून देतो. रॉमध्ये साधारणपणे १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. त्यावरून रॉ चौसष्ट पट चांगला असा हिशेब मात्र मांडू नका. जेपेगमधल्या २५६ पायऱ्या डोळ्याला सोयीच्या पडतील अशा वाटून दिलेल्या असतात आणि नीट एक्स्पोजर असलेला, म्हणजे योग्य तेवढा उजेड घेतलेला, जेपेग बघताना कुणालाही काही कमी वाटत नाही. कमी पडतं ते नंतर फोटो ओढायला, उजळायला, रंग बदलायला गेल्यावर.

म्हणजे रॉ की जेपेग याचा अर्थ, उजेड आणि रंगाबद्दलचे निर्णय कुणी आणि कधी घ्यायचे? कॅमेऱ्याने त्याच क्षणी, की तुम्ही घरी बसून सावकाश?

माझ्या बाबतीत हे निर्णय कॅमेऱ्यावर सोपवल्यामुळे काय झालं ते सांगते. २००८ ची वारी. सासवडच्या मुक्कामात रात्री एका दिंडीच्या तंबूत कीर्तन चाललं होतं, पिवळ्या बल्बांचा उजेड. मी व्हाइट बॅलन्स बल्बवर लावला, फोटो छान आले, झोपले. पहाटे दिंडी हलली तेव्हा कॅमेरा तसाच उचलला. पाऊस होता, पडदा नीट बघायला मिळाला नाही. दुपारी जेजुरीच्या अलीकडे लक्षात आलं की सकाळपासूनच्या ३८० फ्रेम निळ्याशार पडल्यात. सगळे जेपेग. घरी येऊन दोन दिवस त्यांच्याशी झगडले. चेहरे कसेबसे जागेवर आले, पण पांढऱ्या सदऱ्यांमध्ये निळा आकडा आधीच २५५ ला जाऊन टेकला होता. तिथे कापडाचा पोत उरलाच नव्हता आणि निळा कमी केला की पिवळट मळके डाग दिसत. ३८० मधले जेमतेम दहा-बारा वापरता आले, तेही काळे-पांढरे करून. तेच रॉ असते तर एका फोटोचा व्हाइट बॅलन्स बदलून बाकी सगळ्यांना लावायला पाच मिनिटं पुरली असती, कारण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त एक नोंद असते, आकड्यांत मिसळलेली नसते.

वारीच्या उजेडाला ही सोय खास लागते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि त्याच फ्रेममध्ये उन्हाने रापलेला सावळा चेहरा, वर आषाढातलं पांढुरकं आभाळ. कॅमेरा चेहरा धरायला गेला की कपडे जळतात, कपडे धरले की चेहरा काळवंडतो. माझ्याकडे दिवे घाटातला एका विणेकऱ्यांचा फोटो आहे. ढगातून दोन मिनिटं ऊन आलं तेव्हाचा. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये त्यांचा डावा खांदा म्हणजे नुसता पांढरा ठिपका आहे. त्याच फ्रेमच्या रॉमध्ये एक्स्पोजर सव्वा स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली आणलं तर खांद्यावरची शिवण दिसते, तिथे विण्याच्या पट्ट्याने पडलेली घडी दिसते आणि त्या घडीत घामाने मळलेली रेघ. तो फोटो मी त्या रेघेसाठी मोठा करून घरात लावला आहे. किती मैल तो विणा त्या खांद्यावर होता ते त्या रेघेत आहे.

दुसरी जागा जेजुरी. पालखीवर भंडारा उधळला जातो तेव्हा हवेत हळद असते. उन्हातली हळद हा डिजिटल कॅमेऱ्यासाठी फार अवघड रंग आहे. लाल आकडा वरच्या टोकाला भिडतो, निळा जवळजवळ शून्यावर येतो आणि जेपेगमध्ये भंडाऱ्याचा ढग न राहता पिवळ्या पोस्टर कलरचा सपाट पट्टा होतो. रॉमध्ये त्या ढगाचे थर परत मिळतात. नेहमी मिळतातच असं नाही, फार जास्त एक्स्पोज झालं असेल तर तिथेही काही उरत नाही. म्हणून तिथे मी कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सांगतो त्यापेक्षा दोन तृतीयांश स्टॉप कमीच ठेवते.

रॉने काय होत नाही, हेही ऐकून ठेवा. फोकस चुकला, हात हलला, तर रॉ काही करू शकत नाही. पूर्ण जळलेला पांढरा परत येत नाही. सावलीतून दोन-तीन स्टॉप उचलता येतात, पण दाणे वाढतात. आणि निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसांचा अर्धा चेहरा निळा, अर्धा बाहेरच्या उजेडात असेल तर एका व्हाइट बॅलन्सने तो सुधारत नाही. भाग भाग निवडून काम करावं लागतं. त्यापेक्षा तिथे दोन पावलं सरकून माणसाला एका उजेडात आणणं सोपं.

आता जेपेगची बाजू, कारण ती खरी आहे. रॉ ही फाइल घरी कुणीतरी धुवायला लागते, पूर्वी आम्ही फिल्म धुवायचो तशी. ज्याला ते येत नाही किंवा त्यासाठी वेळ नाही, त्याच्या हार्ड डिस्कवर रॉचे ढीग न उघडता पडून राहतात. असे लोक मी बरेच पाहिलेत. त्यांनी जेपेगच काढावेत आणि काढताना काळजी घ्यावी, त्यांचे फोटो जास्त चांगले येतील. वर्तमानपत्रांच्या धावपळीत तर जेपेगच लागतं. २०१५ च्या नोव्हेंबरात रॉयटर्सने आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना कळवलं होतं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने जेपेग म्हणून टिपलेले पाठवा. एक कारण वेग आणि दुसरं असं की बातमीच्या फोटोवर नंतर फार हात फिरवलेला त्यांना नको होता. याच्या उलट, वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात गेलेल्यांकडून कॅमेऱ्याने नोंदवलेली मूळ फाइल मागतात, फोटोत काही घातलं-काढलं नाही हे तपासायला. म्हणजे दोन्हीकडे आग्रह एकच, फोटोत फेरफार नको. म्हणून मूळ फाइल हाताशी असू द्या. तुम्ही वारीचे फोटो बातमी म्हणून देणार असाल तर हे लक्षात असू द्या. आभाळ गडद करणं वेगळं आणि कडेचा विजेचा खांब पुसणं वेगळं.

आता जागेचा हिशेब, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा चांगल्या प्रतीचा जेपेग साधारण १० एमबी, आणि काही न गमावता दाबलेला १४ बिटचा रॉ साधारण २८ एमबी धरू. दृश्यानुसार कमी-जास्त होतो, पण अंदाजाला पुरे. १८ दिवस, रोज ३०० फ्रेम, म्हणजे ५,४०० फोटो. नुसते जेपेग काढले तर ५४ जीबी. नुसते रॉ काढले तर दीडशे जीबीच्या वर. दोन्ही एकदम काढले तर दोनशेच्या पुढे. तुमच्याकडे १२८ आहेत, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच जागा मिळते. लॅपटॉप बरोबर नेणार नसाल, आणि नेऊही नका, दिंडीत तो भिजायचीच शक्यता जास्त, तर साधा रॉ तुमच्या दोन कार्डांत बसत नाही.

इथे बहुतेक जण रोज रात्री कॅमेऱ्यावर बसून फोटो उडवायला लागतात. ते करू नका. दमलेल्या डोळ्यांनी, तीन इंची पडद्यावर, बॅटरी जाळत केलेली निवड चुकते. मी अशी उडवलेली एक फ्रेम अजून विसरलेले नाही. नीरेच्या काठी पादुकांच्या स्नानाची गर्दी होती आणि एका आजींचा चेहरा मला पडद्यावर हललेला वाटला होता. पुढची फ्रेम ठेवली, ही उडवली. घरी आल्यावर दिसलं की पुढच्या फ्रेममध्ये आजींनी डोळे मिटलेत.

त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन रॉच्या खाली काय काय पर्याय आहेत ते बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत रॉचे दोन-तीन प्रकार असतात. न दाबलेला, काही न गमावता दाबलेला आणि थोडं गमावून दाबलेला. कॅनन शेवटच्याला सी-रॉ म्हणतं, बाकीच्यांत नुसतं कम्प्रेस्ड लिहिलेलं असतं. न दाबलेल्याचा काही उपयोग नाही, जागा मात्र खातो, तो लावूच नका. थोडं गमावून दाबलेला रॉ (पुढे मी नुसतं दाबलेला रॉ म्हणते तो हाच) नेहमीच्या जवळजवळ अर्धा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. १६ एमबी धरला तर ५,४०० फोटो ८६ जीबीत बसतात. तुमची दोन कार्डं पुरतात आणि वर थोडी जागा राहते. गमावतो म्हणजे काय? फार अंधाऱ्या फ्रेम खूप उचलल्या तर सावल्यांत जरा जास्त दाणे, किंवा अतिशय उजळ आणि काळ्याच्या सीमेवर थोडी खडबड. १६ × २४ च्या प्रिंटमध्ये मी माझे दोन्ही प्रकारचे फोटो शेजारी ठेवून पाहिलेत आणि मला फरक सांगता आला नाही. तुमच्या परिस्थितीत मी हाच लावीन. शक्य झालं तर ६४ जीबीचं तिसरं कार्ड घ्या, तेही निघायच्या आधी पूर्ण भरून आणि कॉम्प्युटरवर उतरवून तपासलेलं. वाटेत, रस्त्याकडेच्या दुकानातून घाईत कार्ड घेऊ नका, नकली कार्डं फार फिरतात.

मग रोजचे वर्तमानपत्राचे फोटो? त्यासाठी प्रत्येक फ्रेमचा जेपेग वेगळा काढायची गरज नसते. बऱ्याच निकॉन, कॅनन आणि फुजी कॅमेऱ्यांत रॉवरून कॅमेऱ्यातच जेपेग बनवायची सोय असते. संध्याकाळी मुक्कामावर दिवसभरातले दोन फोटो निवडायचे, मेनूतून व्हाइट बॅलन्स आणि उजेड जरा ठीक करायचा, जेपेग बनवायचा, कॅमेऱ्याच्या वायफायने फोनवर घ्यायचा आणि पाठवायचा. दहा मिनिटांचं काम. रॉ जसाच्या तसा राहतो. तुमच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर रॉबरोबर जेपेग लावा, पण जेपेगचा आकार लहान ठेवा, वर्तमानपत्राच्या दोन-तीन कॉलमांना तो पुरतो. त्या वर्तमानपत्राने मात्र कॅमेऱ्यानेच टिपलेला जेपेग हवा असं सांगितलं तर रॉ अधिक जेपेग हाच मार्ग. निघण्याआधी त्यांना विचारून घ्या.

पाठवताना एक चूक हमखास होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, पुन्हा दाबला जातो आणि तारीख-वेळ, लेन्स ही आतली माहितीही जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडला तर फाइल आहे तशी पोचते. किंवा सरळ ईमेल करा.

रिंगणाबद्दल वेगळं सांगायला हवं. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येतो. पहिलं उभं रिंगण तिथे होतं. घोडा येतो तेव्हा टाळांचा आवाज चढत जातो, आपलाही हात शटरवर घट्ट बसतो आणि आपण दाबून धरतो. रॉ मोठा असल्याने कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे कार्डावर उतरेपर्यंत फोटो थांबतात ती जागा, लवकर भरतो, शटर अडखळायला लागतं आणि नेमका त्याच वेळी अश्व समोरून जातो. जेपेगवर बफर बराच जास्त वेळ टिकतो, म्हणून अनेक जण तेवढ्यापुरतं जेपेगवर जातात. मी जात नाही. एक तर परत रॉवर यायला विसरते, आणि धूळ, पांढरे कपडे, दुपारचं ऊन या सगळ्यात मला रॉची गरज तिथेच सर्वांत जास्त असते. मी तीन-चार फ्रेमचे छोटे झटके मारते. घोडा लांब असताना काढतच नाही. दाबलेल्या रॉचा इथेही फायदा होतो, बफर जरा जास्त पुरतो. तुमचा कॅमेरा रॉवर सलग किती फ्रेम घेतो ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण घरी स्वतः शटर दाबून धरून मोजा, कारण कार्डाच्या वेगावरही ते ठरतं. आणि घोडा गेल्यावर कॅमेरा खाली करू नका. लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. ते फोटो घोड्याच्या फोटोंपेक्षा मला नेहमीच जवळचे वाटले आहेत, आणि त्यांना बर्स्ट, म्हणजे शटर दाबून धरून सलग फ्रेम घेणं, लागत नाही.

आता घरी आल्यावर. तुमच्या लॅपटॉपवरचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याचा रॉ उघडणार नाही अशी बरीच शक्यता आहे. घाबरू नका, फाइल खराब नसते. कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. डार्कटेबल आणि रॉथेरपी हीदेखील फुकट आहेत. किंवा अडोबीच्या फुकट कन्व्हर्टरने रॉ डीएनजीमध्ये बदलता येतो. डीएनजी हा अडोबीने २००४ साली आणलेला, सगळ्यांसाठी खुला ठेवलेला रॉचाच एक प्रकार आहे आणि जुनी सॉफ्टवेअरही तो बऱ्याचदा उघडतात. बदलला तरी मूळ रॉ लगेच पुसू नका.

टिफ इथे येतो. तुमच्या स्टुडिओवाल्या ओळखीच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. टिफ १९८६ सालापासूनचा, छपाईच्या जगात मुरलेला फॉरमॅट आहे. तो काही न गमावता साठवतो आणि १६ बिट धरू शकतो. पण २४ मेगापिक्सेलचा १६ बिट टिफ न दाबता १४४ एमबीचा होतो. ५,४०० फोटोंचे टिफ करणं हा वेडेपणा होईल. निवडलेल्या वीस फोटोंचे करा. रॉ धुऊन झाला, अजून बारीक काम करायचंय, दोन-तीनदा उघडून बघायचंय, पुन्हा साठवायचंय, त्या टप्प्यासाठी टिफ. प्रिंटला देताना लॅबला विचारा, बहुतेक लॅबना एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतला वरच्या प्रतीचा जेपेगच हवा असतो आणि त्यांच्या मशीनला तोच सोयीचा. अशा जेपेगच्या आणि टिफच्या प्रिंटमध्ये वाचनालयाच्या भिंतीवर कुणालाही फरक दिसणार नाही. तुमचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा आहे, म्हणजे २४ × १६ इंचांवर इंचाला २५० पिक्सेल येतात. हात-दीड हात अंतरावरून बघायला ते भरपूर झाले. लॅबने ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मागितलं म्हणून फाइल ओढून मोठी करू नका, आहे ती द्या.

पीएनजी फोटोंसाठी नको. पत्रिका, लोगो, पारदर्शक पार्श्वभूमी, स्क्रीनशॉट यांना तो उत्तम. फोटोचा पीएनजी जेपेगपेक्षा कितीतरी मोठा होतो आणि जेपेगवरून पीएनजी केला तर गेलेलं काही परत येत नाही. फोनच्या फोटोंबद्दलही एक ओळ. आयफोन २०१७ पासून एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये फोटो ठेवतो. जागा कमी लागते, प्रत चांगली असते, पण पलीकडच्याच्या कॉम्प्युटरवर तो उघडेलच याची खात्री नसते. वर्तमानपत्राला फोनचाही फोटो देणार असाल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये मोस्ट कम्पॅटिबल निवडा, म्हणजे जेपेग मिळेल.

जेपेगबद्दल एक भीती मात्र काढून टाका आणि एक धरून ठेवा. फाइल उघडून बघितल्याने किंवा कॉपी केल्याने जेपेग खराब होत नाही, हजार वेळा करा. तो खराब होतो पुन्हा सेव्ह केल्याने. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो, प्रत्येकातला बारीक तपशील थोडा थोडा गोल करून टाकतो आणि रंगाची माहिती बऱ्याचदा उजेडाच्या निम्म्या बारकाईने ठेवतो. उघडलं, कापलं, सेव्ह केलं, उद्या उजळलं, पुन्हा सेव्ह केलं, की दरवेळी हे नव्याने होतं. कुठे दिसतं ते बघायचं असेल तर करड्या आभाळावरच्या भगव्या पताकेची कड शंभर टक्के मोठी करून बघा. पहिल्या जेपेगमध्ये कड स्वच्छ असते. कमी प्रतीवर चार-पाच वेळा सेव्ह झालेल्यात भगवा रंग आभाळात पसरलेला दिसतो आणि कडेला मुंग्यांसारखे ठिपके. पांढऱ्या सदऱ्यावरच्या तुळशीच्या माळेलाही तेच होतं, मण्यांभोवती धुरकट कडं येतं. म्हणून मूळ फाइलवर कधीच सेव्ह करायचं नाही.

माझ्याकडे प्रत्येक वारीचे तीन फोल्डर असतात. मूळ, काम आणि दिलेले. मूळमध्ये कार्डावरचं सगळं, हात न लावता. काममध्ये निवडलेल्यांचे टिफ. दिलेलेमध्ये वर्तमानपत्राला, लॅबला, लोकांना पाठवलेले जेपेग, ज्यांचं काहीही झालं तरी चालतं. पहिले दोन फोल्डर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असतात आणि त्यातली एक डिस्क माझ्या बहिणीच्या घरी. निवडलेल्या फोटोंचा एक वरच्या प्रतीचा जेपेगही मी मूळच्या शेजारी ठेवते. १९९२ पासून हा फॉरमॅट चालत आलाय आणि जगातलं जवळपास प्रत्येक यंत्र तो वाचतं. माझ्या कॅमेऱ्याचा रॉ तीस वर्षांनी वाचता येईल का, याची तेवढी खात्री मला नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. रॉ धुवायला शिकायची तयारी असेल तर दाबलेला रॉ लावा, संध्याकाळचे दोन जेपेग कॅमेऱ्यातच बनवा, प्रदर्शनाच्या वीस फोटोंचे टिफ करा आणि लॅबला जेपेग द्या. ती तयारी यंदा नसेल, नोकरी-घर सांभाळून जमणार नसेल, तर संकोच न करता जेपेग काढा. मोठा आकार, वरची प्रत, कॉन्ट्रास्ट एक-दोन घरं कमी, पांढऱ्या कपड्यांसाठी एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवा किंवा दर मुक्कामाला तपासा.

हे ठरवायला माझ्या मतापेक्षा चांगला उपाय तुमच्या गावातच आहे. निघायच्या आधी एका आठवडी बाजाराला जा. भर दुपारी, पांढरी टोपी घातलेले म्हातारे आणि रंगीत ताडपत्र्यांची पालं असतील तेव्हा. रॉ अधिक जेपेग लावून १०० फोटो काढा. घरी येऊन त्यातले पाच निवडा, रॉ स्वतः धुवा आणि कॅमेऱ्याच्या जेपेगशेजारी ठेवा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. दोन्हींचे ८ × १२ चे प्रिंट काढायला फार खर्च येत नाही. ते प्रिंट उजेडात धरून टोपीचं कापड बघा, टोपीखालचा चेहरा बघा. तुमचा रॉ जेपेगपेक्षा बरा आला नसेल तर यंदाची वारी जेपेगवर करा आणि पावसाळ्यानंतर धुणं शिकायला घ्या. पाचांपैकी दोन फोटो जरी रॉने वाचवले असतील, तर दाबलेला रॉ लावून निघा.

कार्डांवर मार्करने १ आणि २ लिहा. भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून अंगावरच्या खिशात ठेवा.